अंगावर पित्त नाही, तरी तोंड का सुजलं?

थंडीचे दिवस, भरताचा हंगाम. दुकानाचं शटर नुकतंच वर गेलं होतं आणि एक आबा उपरण्याने अर्धं तोंड झाकून काउंटरपाशी येऊन उभे राहिले. उपरणं बाजूला केलं तर खालचा ओठ डावीकडून टम्म फुगलेला. शब्दही जड येत होते. "ताई, रातले वावरमा भरीत खादं, सकायले तोंड सुजी गयं. ती ॲलर्जीनी गोयी दे."

वांग्यावर हा आळ आमच्या खानदेशात नेहमीचाच. तालुक्याच्या गावी आमचं मेडिकल आहे. वीस वर्षं मी या काउंटरमागे उभी आहे. ओठ, पापणी, हात सुजलेली माणसं पुष्कळ येतात आणि बहुतेक जण कारणही ठरवूनच येतात: वांगं, शेंगदाणे, मुंगळा, केळीच्या बागेतली फवारणी, नाहीतर कोणाची तरी नजर.

मी आबांना विचारलं, अंगावर पित्त उठलं का? खाज सुटली का? नाही. याआधी कधी असं झालं होतं? दोनदा. दोन्ही वेळा गोळी घेतली, दोन-तीन दिवसांनी उतरलं. तेव्हाही भरीत खाल्लं होतं का? ते काही त्यांना आठवेना. मग मी कॉम्प्युटरवर त्यांची मागची बिलं काढली. बीपीसाठी रामिप्रिल, दीड वर्षापासून दर महिन्याला, माझ्याच हातून गेलेली. ॲलर्जीच्या गोळ्याही मागे दोनदा माझ्याच हातून गेल्या होत्या. दोन्ही नोंदी एकाच माणसाच्या नावावर होत्या आणि मी त्या एकमेकींशेजारी ठेवून कधी पाहिल्या नव्हत्या. याची रुखरुख मला अजून आहे, आणि हा लेख लिहायला बसले ती त्यामुळेच.

या सुजेला अँजिओएडिमा म्हणतात. नाव अवघड असलं तरी ती होते कशी ते अवघड नाही. आपल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून थोडा द्रव बाहेर झिरपतच असतो. काही कारणाने तो एकदम जास्त झिरपला की सूज येते. ही गळती कातडीच्या वरच्या थरात झाली तर लाल, खाजऱ्या गांधी उठतात. त्यालाच आपण अंगावर पित्त उठलं म्हणतो आणि आजी आमसुलाचं पाणी लावते. तीच गळती खालच्या थरात, किंवा ओठ, जीभ, घसा, आतडं यांच्या आतल्या अस्तराखाली झाली की अँजिओएडिमा. ही सूज बहुधा एका बाजूला जास्त असते, ताणल्यासारखी वाटते, बोटाने दाबली तर खड्डा पडत नाही, आणि काही तासांत किंवा काही दिवसांत मागे काहीही न ठेवता निघून जाते. ती निघून जाते म्हणूनच निदान राहून जातं. डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत तोंड पूर्ववत झालेलं असतं. मोबाइलमध्ये सुजेचा फोटो काढून ठेवा, वेळेसकट. डॉक्टरांना त्या फोटोचा फार उपयोग होतो.

बाहेरून सूज सारखीच दिसली तरी आत ती घडवणारी मुख्यतः दोन वेगवेगळी रसायनं असतात, आणि बरंचसं वर्गीकरण त्यांच्यावर उभं आहे.

पहिलं रसायन हिस्टामाइन. आपल्या कातडीत आणि अस्तरांत मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात. त्यांच्या पोटात हिस्टामाइनची गाठोडी बांधून ठेवलेली असतात. मधमाशीचा डंख, शेंगदाण्यासारखा न मानवणारा पदार्थ, एखादं अँटिबायोटिक असं काही निमित्त झालं की गाठोडी सुटतात आणि काही मिनिटांत, फार तर तासा-दोन तासांत सूज दिसते. सोबत बहुतेक वेळा गांधी आणि खाज असते. एक-दोन दिवसांत ती ओसरते आणि सेट्रिझिनसारख्या गोळ्या तिच्यावर खरोखर काम करतात. लोकांना माहीत असलेली सूज ती हीच, आणि सर्वांत जास्त आढळतेही हीच.

दुसरं रसायन ब्रॅडिकिनिन. सगळा घोटाळा याच्यापाशी होतो, म्हणून इथे जरा थांबते.

ब्रॅडिकिनिन आपल्या रक्तात थोडं थोडं रोजच तयार होतं. विहिरीचं उदाहरण घ्या. झऱ्यातून पाणी येत राहतं, मोटर ते उपसत राहते, म्हणून पातळी जागेवर राहते. ब्रॅडिकिनिनच्या झऱ्यावर एक पहारेकरी असतो, सी-१ इनहिबिटर नावाचं प्रथिन. ब्रॅडिकिनिन तयार करणाऱ्या साखळीला ते आवरून धरतं. आणि उपसा करण्याचं मोठं काम एसीई नावाचं एन्झाइम करतं, ते ब्रॅडिकिनिनचे तुकडे पाडतं. पातळी दोन प्रकारे वाढू शकते. पहारेकरी कमी पडला तर झरा मोकाट सुटतो, किंवा मोटर बंद पडली तर पाणी तुंबतं. जन्मजात कुळातून येणारा अँजिओएडिमा हा बहुतांशी पहिला प्रकार. आबांचं झालं होतं ते दुसऱ्या प्रकारचं: रामिप्रिल ही गोळी एसीई बंद पाडूनच बीपी उतरवते.

या सुजेत हिस्टामाइनचा हात नसतो. म्हणून गांधी नाहीत, खाज नाही. ती हळूहळू, काही तासांत चढते, दोन ते पाच दिवस राहते, आणि ॲलर्जीची गोळी, स्टेरॉइडचं इंजेक्शन यांना दाद देत नाही. मग आबांची सूज गोळीने कशी उतरली? ती उतरणारच होती. दोन-तीन दिवसांनी आपोआप गेली आणि श्रेय गोळीला मिळालं. "गोळीने बरं वाटलं" याला पुरावा मानण्याआधी विचारायला हवं की किती वेळाने बरं वाटलं. तासाभरात उतरायला लागली असेल तर त्याला अर्थ आहे. तिसऱ्या दिवशी उतरली असेल तर त्या गोळीने काहीच सिद्ध होत नाही.

ब्रॅडिकिनिनचा शोध सापाच्या विषातून लागला, हे आमच्या शेतशिवारात राहणाऱ्यांना ऐकायला आवडेल. १९४०च्या दशकाच्या शेवटी ब्राझीलमध्ये मॉरिसिओ रोशा ए सिल्व्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या जराराका नावाच्या विषारी सापाचं विष रक्तद्रवात मिसळलं, तेव्हा त्यातून हे रसायन तयार झालेलं त्यांना दिसलं. आतड्याचा तुकडा त्याने सावकाश आकसत होता, म्हणून ग्रीक भाषेतल्या 'सावकाश' या शब्दावरून ब्रॅडी. पुढे १९६०च्या दशकात सर्जिओ फेरेरा यांना त्याच विषात ब्रॅडिकिनिनचा जोर वाढवणारे घटक सापडले. ते एसीईला अडवत होते. त्या धाग्यावरून कॅप्टोप्रिल ही बीपीची गोळी तयार झाली आणि १९८१ साली अमेरिकेत तिला मंजुरी मिळाली. आजची रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल ही सगळी तिचीच भावंडं. नावाच्या शेवटी 'प्रिल' आलं की ओळखायचं.

या गोळ्या वाईट आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. हृदय आणि मूत्रपिंड सांभाळणाऱ्या त्या फार मोलाच्या गोळ्या आहेत आणि रोज घेणाऱ्या हजार जणांत ढोबळमानाने एक ते सात जणांनाच ही सूज येते. पण ती अनेकदा पहिल्या काही आठवड्यांत येते, आणि अनेकदा वर्ष-दोन वर्षं, त्याहूनही जास्त काळ गोळी निमूट पचल्यानंतर अचानक येते. "इतके दिवस काही झालं नाही, आता कसं होईल?" हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. आताही होऊ शकतं. ही सूज बहुतेक ओठ, जीभ, गाल इथेच येते. याच गोळ्यांनी काहींना घशात सतत कोरडा खोकलाही लागतो, त्यामागेही ब्रॅडिकिनिनचा हात असल्याचं मानतात. मधुमेहाच्या 'ग्लिप्टिन' गटातल्या गोळ्या प्रिलसोबत चालू असतील तर सुजेचा धोका वाढू शकतो. हृदयासाठी दिलं जाणारं सॅक्युबिट्रिल तर प्रिलसोबत द्यायचंच नसतं, दोन्हींच्यात किमान ३६ तासांचं अंतर ठेवावं लागतं.

आबांना त्या दिवशी मी गोळी दिली नाही. जीभ जाडावल्यासारखी वाटत होती, म्हणून त्यांच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला आणि मुलाला बोलावून आबांना दवाखान्यात पाठवलं. तिथे दिवसभर त्यांच्यावर लक्ष ठेवलं, प्रिल बंद करून दुसऱ्या गटातली गोळी दिली. थांबवल्यानंतरही काही आठवडे एखादी सूज येऊ शकते, हे त्यांना आधीच सांगितलेलं बरं झालं, कारण पंधरा दिवसांनी हलकीशी आलीच. त्यानंतर नाही. त्यांच्या फाइलवर आता लाल शाईत लिहिलेलं आहे, प्रिल कधीही द्यायचं नाही. भरीत मात्र ते खातात.

एक काळजीचं सांगते. हे वाचून बीपीची गोळी परस्पर बंद करू नका. सूज आलीच नसेल तर बंद करायचं कारण नाही. सूज आली असेल तर पुढची गोळी घेण्याआधी, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बीपी उघड्यावर सोडणं हाही धोकाच आहे.

आता कुळातून येणाऱ्या प्रकाराकडे. एका मायलेकीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलगी चौदा वर्षांची. दीड-दोन महिन्यांनी तिच्या पोटात अशी कळ यायची की ती गुडघे पोटाशी घेऊन लोळायची, उलट्या व्हायच्या, आणि दोन दिवसांनी काहीच झालं नाही अशी उठून शाळेत जायची. एकदा सोनोग्राफीत पोटात पाणी दिसलं, अपेंडिक्स म्हणून ऑपरेशन झालं. अपेंडिक्स चांगलं निघालं आणि दोन महिन्यांनी कळ परत आली. मग घरात कुजबुज सुरू झाली की पोरीला बाहेरचं आहे, नाहीतर शाळा चुकवायला करते. ती पोर माझ्या काउंटरला धरून उभी राहायची तेव्हा तिचा चेहरा मी पाहिलाय. त्यात सोंग नव्हतं.

तिच्या पोटात आतड्याला सूज येत होती. ओठ सुजतो तसाच आतड्याचा आतला थर सुजतो, वाट अरुंद होते, द्रव पोटाच्या पोकळीत उतरतो. या आजारात पोटाचे झटके अतिशय नेहमीचे आहेत, बहुतेक रुग्णांना ते कधी ना कधी येतातच, आणि कातडीवर काहीच दिसत नसल्यामुळे नको ती ऑपरेशनं होतात. झटका चालू असतानाच सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन केलं तर जाड झालेली आतड्याची भिंत दिसू शकते. दोन दिवसांनी केलं तर काहीच सापडत नाही.

पुढे जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका फिजिशियननी तिच्या आईला साधा प्रश्न विचारला: घरात आणखी कोणाला सूज येते का? आई म्हणाली, "सुजेचं म्हणाल तर माझेच हात सुजतात, कापूस वेचून आले की. पण ते कामाने होतं." तेवढ्याने धागा सापडला. दाब, मार, ताण, जंतुसंसर्ग, दात काढणं, पाळी, इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या, या सगळ्यांनी या आजारात झटका येऊ शकतो. पाळी नियमित व्हावी म्हणून दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत इस्ट्रोजेन असतं, आणि वयात येताना अनेक मुलींचे झटके वाढतात त्यामागेही संप्रेरकं असतात. आणखी एक खूण सहज फसवते. काही जणांना झटक्याच्या आधी अंगावर फिकट लाल, वेटोळ्यांची नक्षी उमटते. ती खाजत नाही आणि गांधींसारखी वर उचललेली नसते. तरी "पित्त उठलं" असं म्हणून ती मोजली जाते आणि निदान पुन्हा ॲलर्जीकडे वळतं.

हा आजार वैद्यकाला नवा नाही. जर्मनीतले हाइनरिक क्विंके यांनी १८८२ मध्ये अशा सुजेचं वर्णन केलं. १८८८ मध्ये विल्यम ऑस्लर यांनी एकाच घराण्यातल्या पाच पिढ्यांची हकीकत मांडून ती वंशाने येते हे दाखवलं. कारण मात्र १९६३ मध्ये कळलं, की या माणसांत सी-१ इनहिबिटर उणा असतो. त्याची सूचना ११व्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात असते. आई किंवा वडील, कोणा एकाकडून बिघडलेली प्रत आली तरी आजार होतो, म्हणून प्रत्येक मुलाला, मग मुलगा असो की मुलगी, तो येण्याची शक्यता निम्मी. आणि साधारण चार-पाच रुग्णांत एकाच्या घरात आधी कोणालाच नसतो, बिघाड त्याच्यापासूनच सुरू होतो. म्हणजे "आमच्यात कोणाला नाही" एवढ्यावरून हा आजार बाद करता येत नाही.

साधारण पन्नास हजारांत एकाला हा आजार असतो असं जगभर धरतात. २०११च्या जनगणनेत जळगाव, धुळे आणि नंदुरबार मिळून सुमारे ७९ लाख लोक होते. हिशोब केला तर आपल्या तीन जिल्ह्यांत दीडशेच्या वर माणसं निघतात. त्यांतल्या किती जणांच्या हातात निदानाचा कागद असेल? मला हा प्रश्न सतावतो. बाकीची माणसं या दवाखान्यातून त्या दवाखान्यात, मग एखाद्या भगताकडे, अशीच फिरत असणार.

तपासण्यांचं गणित समजून घेण्यासारखं आहे. पहिली तपासणी सी-४. हे रक्तातलं एक प्रथिन. पहारेकरी कमी पडला की ते विनाकारण खर्च होत राहतं, म्हणून सूज नसतानाही बहुतेक रुग्णांत ते कमी सापडतं आणि झटक्यात तर आणखीच कमी. स्वस्तातली, चाळणीसारखी ही तपासणी. ती कमी आली, किंवा संशय जोरदार असला, तर सी-१ इनहिबिटर दोन प्रकारे मोजतात: तो आहे किती, आणि काम किती करतो. शंभरातल्या सुमारे पंच्याऐंशी रुग्णांत तो मुळात कमी असतो, हा पहिला प्रकार. उरलेल्या पंधरांत तो भरपूर दिसतो पण निकामी असतो, पहारेकरी चौकीवर बसलेला आहे पण डोळे मिटून. हा दुसरा प्रकार. इथे फक्त 'किती आहे' ही तपासणी केली तर रिपोर्ट नॉर्मल येतो आणि रुग्णाला घरी पाठवलं जातं. म्हणून 'काम किती करतो' ही तपासणी सोडायची नाही.

या दुसऱ्या तपासणीचं आमच्या भागात एक वेगळंच दुखणं आहे. ती सगळीकडे होत नाही, नमुना मोठ्या शहरातल्या लॅबला जातो. मे महिन्यात इथे पारा ४५च्या घरात असतो. रक्त लगेच वेगळं करून थंडीत ठेवलं नाही तर वाटेत प्रथिनं बिघडतात आणि आकडा खोटाच कमी येतो. म्हणून एकाच रिपोर्टवर जन्माचा शिक्का मारत नाहीत, तपासणी पुन्हा करून पक्कं करतात. वर्षाच्या आतल्या बाळांचे आकडेही भरवशाचे नसतात, त्यांची नंतर पुन्हा तपासणी करावी लागते.

तिसराही एक प्रकार आहे, सगळ्यांत अवघड. घराण्यात सूज चालत आलेली, गोळ्यांना दाद नाही, आणि तरी सी-४, सी-१ इनहिबिटर सगळं ठीक. इथे बिघाड साखळीतल्या दुसऱ्या कुठल्या तरी कडीत असतो, उदाहरणार्थ रक्त गोठण्याच्या कामातल्या बाराव्या घटकाच्या जनुकात. तो जनुक तपासणीनेच कळतो, आणि प्रत्येकात कळतोच असंही नाही.

आणि चाळिशी ओलांडल्यावर, घरात कोणाला नसताना, पहिल्यांदाच अशी सूज यायला लागली आणि सी-४ कमी आलं, तर डॉक्टर सी-१क्यू नावाची आणखी एक तपासणी सांगतात. कुळातल्या प्रकारात ती सहसा नॉर्मल असते. ती कमी आली तर सी-१ इनहिबिटर जन्मापासून उणा नसून आता कशाने तरी संपत चाललाय असं समजतात, आणि रक्ताचा किंवा लसिकाग्रंथींचा आजार मागे लपलाय का याचा शोध घेतात. ओठाच्या सुजेवरून लिंफोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, सापडल्याची उदाहरणं वैद्यकात आहेत.

२०२४ मध्ये जगभरातल्या तज्ज्ञांनी एकमताने या सुजेची पाच गटांत मांडणी केली: मास्ट पेशींमुळे होणारी, ब्रॅडिकिनिनमुळे होणारी, रक्तवाहिनीच्या भिंतीतच दोष असल्याने होणारी, औषधांमुळे होणारी आणि कारण न कळलेली. मला ही मांडणी प्रामाणिक वाटते ती शेवटच्या गटामुळे. अनेक रुग्ण आजही तिथेच आहेत आणि त्यांना "तुमच्या मनाचे खेळ" म्हणण्यापेक्षा त्या गटात नाव लिहिणं कितीतरी बरं. औषधांच्या गटातही मिश्रण आहे. प्रिल ब्रॅडिकिनिन तुंबवतं, तर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनी येणारी सूज वेगळ्या वाटेने येते आणि तिच्यासोबत पुष्कळदा गांधीही असतात. गुडघेदुखीची गोळी घेतली की डोळा सुजतो अशी तक्रार असेल तर गोळीचं नाव लिहून ठेवा. "ती गुलाबी गोळी" एवढ्यावरून मला काही सांगता येत नाही.

मग हिस्टामाइनच्या सुजेसाठी कोणती तपासणी? बहुतेक वेळा खरी तपासणी म्हणजे नीट विचारपूस. शंभर-दोनशे पदार्थांची 'ॲलर्जी पॅनल' सरसकट करून घेण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. रिपोर्टमध्ये पदार्थासमोर खूण आली म्हणजे त्या पदार्थाने त्रास होतोच असं नसतं. मी माणसं पाहिली आहेत जी त्या कागदावरून दूध, तूर, शेंगदाणे, गहू सगळं सोडून बसली आणि सूज चालूच राहिली. विशिष्ट संशय असेल तर त्याचीच तपासणी ॲलर्जीतज्ज्ञ करतात. सहा आठवड्यांहून जास्त काळ वरचेवर गांधी आणि सूज येत असेल तर बहुतेकदा बाहेरचा पदार्थ कारण नसतोच. शरीर आपणहून मास्ट पेशींना चेतवत असतं. त्यावर रोज नेमाने घ्यायच्या गोळ्या, गरज पडली तर डॉक्टर वाढवतील त्या मात्रेत, चांगला गुण देतात.

प्रत्येक सूज अँजिओएडिमा नसते, हेही ध्यानात असू द्या. रोज सकाळी दोन्ही डोळ्यांभोवती फुगवटा येतो, पाय दाबले की खड्डा पडतो, तर मूत्रपिंड, थायरॉइड, हृदय तपासायला हवं. गाल लाल, गरम, ठणकतोय आणि ताप आहे, तर दाताचा पू किंवा कातडीचा जंतुसंसर्ग असू शकतो. लग्नाआधी केसांना काळा रंग लावला आणि दुसऱ्या दिवशी कपाळ, पापण्या सुजून पाणी गळायला लागलं, तर ती रंगाची प्रतिक्रिया.

आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट. सूज ओठावर असो की हातावर, ती बहुधा जीव घेत नाही. जीव जातो तो घसा सुजल्याने. आवाज बदलला, घोगरा झाला, थुंकी गिळवत नाही, लाळ गळते, श्वास घेताना आवाज येतो, घशात गोळा अडकल्यासारखं वाटतं, यांतलं काहीही असलं तर घरी थांबायचं नाही. १०८ला फोन करा, किंवा मिळेल त्या गाडीने जिथे ऑक्सिजन आणि घशात नळी घालण्याची सोय आहे अशा रुग्णालयात जा. सोबत गांधी, उलट्या, चक्कर, धाप असेल तर ती तीव्र ॲलर्जी, आणि तिथे पहिलं औषध मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिलेलं ॲड्रेनॅलिन. सलाइनमधून ॲलर्जीचं इंजेक्शन देत बसण्यात वेळ घालवायचा नसतो. कारण कळत नसेल तरी घसा सुजतोय म्हटल्यावर डॉक्टर ॲड्रेनॅलिन देतात, तेच सुरक्षित. त्याने फरक पडला नाही की ब्रॅडिकिनिनचा विचार करायचा.

कुळातल्या प्रकारात झटका थांबवायला आयकॅटिबंटचं इंजेक्शन किंवा सी-१ इनहिबिटर हेच औषध म्हणून देतात. ते हाताशी नसेल तेव्हा रक्तपेढीतला ताजा गोठवलेला प्लाझ्मा देतात, कारण त्यात ते प्रथिन असतं. मात्र त्याने क्वचित सूज वाढूही शकते, म्हणून तेही रुग्णालयातच. झटके टाळण्यासाठी आपल्याकडे ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, डॅनॅझॉल, स्टॅनोझोलॉल अशा गोळ्या बरीच वर्षं वापरात आहेत. त्यांतल्या शेवटच्या दोन गरोदरपणात चालत नाहीत. लॅनाडेलुमॅबसारखी नवी औषधं फार चांगली आहेत, पण त्यांची किंमत आमच्या गिऱ्हाइकांच्या आवाक्याबाहेर आहे. आणि या रुग्णांना प्रिल गटातली बीपीची गोळी किंवा इस्ट्रोजेन चुकूनही द्यायचं नाही. कोणत्याही दुकानात, कोणत्याही दवाखान्यात गेलं की हे आधी सांगायचं.

त्या मुलीचं निदान झालं, पहिला प्रकार. आईचंही तेच. त्यानंतर एका दुपारी आई दुकानात आली, गिऱ्हाईक नव्हतं, आणि तिने तिच्या भावाचं सांगितलं. अठरा-एकोणीस वर्षांचा होता. दाढ काढून घरी आला, संध्याकाळी गाल सुजला. दाढ काढल्यावर सुजतोच, म्हणून कोणी काही बोललं नाही. पहाटे आवाज गेला आणि उजाडायच्या आत तो गेला. गावात म्हणाले, गळा दाबला त्याचा कोणीतरी. इतकी वर्षं त्या घराने ते तसंच मानलं होतं.

या आजारात दात काढणं हे घशाच्या झटक्याचं ओळखीचं निमित्त आहे. दात काढल्यानंतर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही घसा सुजू शकतो. निदान आधी माहीत असेल तर दाताच्या कामाआधी औषध देऊन तो टाळण्याची तजवीज करता येते. त्या मुलाच्या वेळी हे कोणाला माहीत नव्हतं, आणि आता कोणाला बोल लावून उपयोग नाही.

मी बिलाच्या कोऱ्या पाठीवर तिच्या माहेरचं झाड काढायला घेतलं. दोन बहिणी, एक भाऊ हयात, त्यांची मुलं मिळून अकरा. वडिलांकडून आलं की आईकडून, ते तिला सांगता येईना. धाकट्या मावशीचं तोंड असंच सुजायचं असं पुसटसं आठवत होतं. प्रत्येक नावापुढे मी 'सी-४' लिहिलं. फोनवर हे सांगून कोणी ऐकणार नाही, असं तिचं म्हणणं पडलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिघी बहिणी माहेरी जमतात, लेकरं झोक्यांवर असतात, म्हाताऱ्या मावशाही येतात, तेव्हा बोलते म्हणाली. कागद घडी करून तिने पदराला बांधला आणि विचारलं, "ताई, रक्त द्यायला उपाशीपोटी जावं लागतं का?"

नाही, म्हटलं. जेवून गेलं तरी चालतं.